उन्हात ठेवलेला जांभळा खडा

त्या शनिवारी सुरतेत, कतारगामच्या हिऱ्याच्या कारखान्यात आम्ही नऊ जण होतो. मी. माझा नवरा. माझी सासू. कारखान्याचा शेठ, नि त्याची म्हातारी आई, तिला सगळे बा म्हणत. खडे पारखणारा एक म्हातारा, एका डोळ्यानं अधू. आणि माझ्या नवऱ्यासोबत एकाच घंटीवर बसणारे तिघं काठियावाडी. घंटी म्हणजे हिरा घासायची लोखंडी फिरती थाळी, तिच्याभोवती चार माणसं मांडी घालून बसतात. नावं मी लिहीत नाही. त्यातली बरीचशी माणसं आता राहिली नाहीत, त्यांच्या लेकरांना कशाला त्रास. पण होतो ते एवढेच. पुढं कोणी म्हणालं मी पण तिथं होतो, तर तो नव्हता.

मी तिसरीपर्यंत शाळेत गेली. जसं बोलते तसंच लिहिते.

आम्ही डिंडोलीला राहायचो. एक खोली, वर धाबं. आमचे हे आधी लूमवर होते, साड्या विणायच्या मागावर. आमच्या खानदेशातली माणसं सुरतेला आली ती लूमवरच आली. लूमच्या खडखडाटात ह्यांचा एक कान गेला, तवा कोणाच्या तरी ओळखीनं हिऱ्यात शिरले. हिऱ्यात सगळे काठियावाडी, एकमेकांचे भाऊ, साडू, मेहुणे. आमचा माणूस म्हणजे डाळीतला खडा. घंटीवरचे तिघं चिडवायचे, म्हणायचे, तुझा हिरा पण साडी नेसून येतो का रे. हे हसायचे. बहिऱ्या कानाकडून कोणी बोललं की नुसतेच हसायचे. पण हात चांगला होता, म्हणून टिकले.

प्लेगचं साल होऊन गेलं त्याच्यानंतरचा दुसरा उन्हाळा. गाव परत भरलं होतं पण माणसाच्या मनातून भ्या गेलं नव्हतं. हिऱ्यात मंदी होती. शेठच्या पाच घंट्या होत्या, त्यातल्या दोन तो बंद करणार असं सगळे बोलत होते. कोणत्या दोन, ते कोणाला ठाऊक नाही. शेठच्या घरात पण काही बरं चालू नव्हतं. बाला कोणी ज्योतिषानं सांगितलं, मुलाला शनी आहे, त्याला जांभळा-निळा खडा घाला. नीलम घालायची त्यांची छाती होईना. नीलम एक तर तारतो नाही तर घर बुडवतो, असं मानतात. मंग मुंबईच्या कोणा दलालानं हा खडा दिला, म्हणाला नीलम नाही, पण त्याच्या रंगाचा आहे, लई दुर्मीळ आहे, पठाणाच्या मुलखातून येतो.

पारख्या म्हाताऱ्यानं तो आधी बघितला. ह्यांनी घरी येऊन सांगितलं होतं. म्हाताऱ्यानं खड्यावर हा करून वाफ सोडली. हिऱ्यावरची वाफ लगेच उडते, ह्याच्यावरची रेंगाळली. काचेवर ओढला तर काच चरली. पाण्यात टाकून बघितला. मंग म्हणाला, हिरा नाही, नीलम नाही, जांभळा जमुनिया असतो तो पण नाही, काय आहे मला ठाऊक नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो असं बोलला. बाला तेच लागलं. ज्याचं नाव नाही तो खडा सरळ मुलाच्या बोटात कसा घालायचा.

असा खडा आधी पारखतात. काट्यावर नाही, घरात. निळ्या कपड्यात बांधून शनिवार ते शनिवार उशाखाली ठेवायचा. वाईट सपनं पडली, कोणी आजारी पडलं, काही मोडलं-फुटलं, तर खडा वाईट. पण आपल्याच घरात कोण ठेवणार. बानं शेठला सांगितलं, दुसऱ्याच्या घरी ठेव. नातेवाईकाच्या घरी नको. म्हणून आमचं घर निघालं.

शेठनं ह्यांना बोलावून सांगितलं की तुझ्यावर विश्वास आहे म्हणून देतो. आणि वर म्हणाला, तुझी घंटी चालू राहील. ह्यांना नाही म्हणता येत नव्हतं. मला हे काही खोटं बोलले नाहीत. पुडी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "सोडू नको. बघू नको. माझ्या उशाखाली राहू दे, आठ दिवस जातील निघून."

मी म्हटलं ठीक आहे. दुसऱ्याची पीडा घरात घेतली हे मला कळत होतं. पण घंटी गेली तर काय होतं ते पण कळत होतं.

रविवारी हे बाजारात गेले आणि सासू म्हणाली, दाखव तरी. मी नको म्हटलं. ती म्हणाली, घरात साप आणला तर त्याचं तोंड तरी बघावं. मी पुडी सोडली.

बोटाच्या दोन पेरांएवढा लांब, चपटा, न घासलेला. अंगावर उभ्या रेघा, बारीक फणीनं विंचरल्यासारख्या. हाताला गार आणि दिसतो त्याच्यापेक्षा जड. चपट्या बाजूनं बघितला तर जवळजवळ पांढरा, गुलाबी भास असलेला, मेलेल्या माणसाच्या नखासारखा. सासूनं तो घेतला, दारातल्या उजेडात उभा धरला, आणि लांबीकडून डोळा लावून आत बघितलं. तिकडून तो जांभळा होता. पिकल्या जांभळासारखा, गच्च. आडवा केला की पांढरा, उभा केला की जांभळा. एकच खडा.

सासू घरात अहिराणीच बोलायची. ती हळूच म्हणाली, "हाऊ दोन तोंडना शे वं. दोन तोंडनं जनावर कोनी घरमा ठेवस का?" दोन तोंडांचा आहे, असं जनावर कोणी घरात ठेवतं का.

आणि तो तिच्या बोटांतून निसटला. खडा खाली फरशीवर पडला. उंचावरून नाही, ती बसलेलीच होती. काच फुटल्यासारखा आवाज पण नाही आला, नुसतं टिक झालं. उचलून बघते तर कडेची एक चीप निघालेली. दोन तांदूळ एकापुढं एक ठेवले तर होतील एवढी लांब, जाडीला एका तांदळाएवढी. जिथून निघाली तिथं खड्याला खरबडीत काही नाही, आरशासारखं गुळगुळीत. जणू तो तिथं आधीच कापून ठेवला होता आणि पडायची वाट बघत होता.

पुढं मला कळलं की ह्या दगडाची जातच तशी. काच चरेल एवढा टणक, पण लांबीच्या दिशेनं जळणाच्या लाकडासारखा चिरतो. हिरा घासणाऱ्या माणसांना ते कसं ठाऊक असणार, आम्हाला तर नाहीच.

सासूचं तोंड पांढरं पडलं. मी म्हटलं, आत्याबाई, कोणाला सांगायचं नाही. खडा मोठा आहे, चीप बारीक आहे, कोणाला कळणार नाही. ती कुठं ठेवायची, तर सासूची मशेरीची डबी. ती डबी कंबरेच्या बटव्यात असायची, झोपताना पण. मशेरीखाली चीप दाबली आणि झाकण लावलं. माझ्या नवऱ्याला मी सांगितलं नाही. ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक मी सोमवारी केली, आणि ती चूक आहे असं मला वाटलंच नाही. प्लेगच्या साली आम्ही एकच गोष्ट शिकलो होतो. गाद्या उन्हात, गोधड्या उन्हात, भांडी उन्हात. आजारी माणूस उठला की त्याचं सगळं धाब्यावर. उन्हापुढं रोग टिकत नाही आणि बाहेरचं काही असलं तर ते पण टिकत नाही, असं सासू म्हणायची. ती म्हणाली, हा खडा दिवसभर उन्हात घाल, ह्याच्यातलं काय आहे ते जळून जाऊ दे. मला पटलं. मी रोज हे कामाला गेले की पुडी सोडायची, खडा स्टीलच्या ताटलीत ठेवायची, आणि ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या वाळत घातल्या होत्या त्यांच्या शेजारी धाब्यावर ठेवायची. कावळा नेईल म्हणून वर चाळणी पालथी. हे यायच्या आधी खाली आणून परत बांधायची. ह्यांनी पुडी एकदाही सोडली नाही. सोडू नको म्हणून सांगितलेलं होतं, म्हणून त्यांनी पण सोडली नाही.

तो आठवडा बरा गेला नाही. सोमवारी नळाला पाणी नाही. मंगळवारी दूध नासलं. बुधवारी घंटीवर ह्यांच्या बोटाचं कातडं गेलं, कापड बांधून आले. उन्हाळ्यात नळ जातो आणि दूध नासतं, दरसाल नासतं. पण त्या आठवड्यात प्रत्येक गोष्ट आली की आम्ही दोघी उशीकडं बघायचो. सासू बोटं मोडून मोजायची. माझी पोरगी आठ वर्षांची, तिला मी तिच्या मामीकडं उधन्याला पाठवून दिलं. कारण सांगितलं नाही.

एकदा संध्याकाळी खडा धाब्यावरून आणला, तापलेला होता. खोलीत अंधारून आलं होतं, दिवा लावला नव्हता. मुठीत धरला तर मला वाटलं बोटांच्या फटीतून राखेखालच्या निखाऱ्यासारखं काही दिसतंय, अगदी मंद. सासूला दाखवलं, तिला काही दिसलं नाही. मला पण परत दिसलं नाही. असेल माझ्या डोळ्यांचं.

आणि खडा फिका होत होता. मंगळवारी मला संशय आला. गुरुवारी उभा धरून बघितला तर जांभळाचा रंग जाऊन कांद्याच्या पातळ सालीचा रंग राहिला होता. शुक्रवारी तेवढा पण नाही. पाण्यात गुलाल पडावा आणि पाणी दहा वेळा बदलावं, तसा. मी खरं सांगते, मला आनंद झाला. मला वाटलं विष उतरलं. सासू पण म्हणाली, बघ, निर्मळ झाला. आम्हाला वाटलं शेठ खूश होईल.

शनिवारी सकाळी हे पुडी घेऊन गेले. दुपार व्हायच्या आत घंटीवरच्या तिघांतला एक सायकलवर आला, म्हणाला, तुम्हाला दोघींना बोलावलंय, आत्ताच चला. का, ते सांगेना. माझ्याकडं बघेना पण.

आम्ही रिक्षानं गेलो. सासू वाटभर कंबरेचा बटवा धरून बसली होती.

कारखान्यात घंट्या बंद होत्या. तिथं कधी शांतता नसते, पण बाकीच्या घंट्यांवरची माणसं शेठनं घरी पाठवली होती. हे कोपऱ्यात उभे होते. शर्टाची बटणं उघडी, खिसे बाहेर काढलेले. झडती घेतली होती. मेजावर पांढऱ्या कागदावर आमचा खडा, पाण्यासारखा पांढरा.

शेठनं मला खुर्ची दिली. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, बेन, मी जांभळा खडा दिला, हा पांढरा आहे. मी दिला तेव्हा तोलून दिला होता, हा वजनाला कमी आहे. रंग तो नाही, वजन ते नाही, मंग खडा तो कसा. तुझा नवरा म्हणतो मी पुडी सोडलीच नाही. तू सांग.

मंग जरा थांबून म्हणाला, "साचुं बोल. मी पोलिसात जाणार नाही. पण ह्याला कतारगामात कोणी घंटीवर बसवणार नाही."

हे मला आधीच ठाऊक होतं. हिऱ्यात चिठ्ठी-कागद काही नसतं, सगळं नावावर चालतं. एकदा चोर म्हटलं की कतारगाम काय, सुरतेत कुठंच त्याला हात धरून बसवत नाहीत. हे माझ्याकडं बघत होते. त्यांच्या डोळ्यांत मी कधी नव्हती बघितली अशी गोष्ट होती. त्यांना वाटत होतं खडा मी बदलला.

मी शेठला सांगितलं, खडा तोच आहे, मी रोज उन्हात ठेवायची, रंग उन्हानं गेला. घंटीवरच्या तिघांतला एक हसला. तो म्हणाला की मावशी, आम्ही जन्मभर खिडकीच्या उजेडात खडे घासतो, उन्हानं कधी दगडाचा रंग जातो का, दगड काय साडी आहे का. त्याचं चुकीचं नव्हतं. त्यांनी हिराच बघितला होता. हिऱ्याला उन्हाचं काय.

बा खाटेवर बसून जपमाळ ओढत होती. ती म्हणाली, "ए घर खाई गयुं एने." त्या घरानं खाल्लं त्याला.

आता एकच गोष्ट उरली होती आणि ती सासूच्या कंबरेला होती. ती काढली तर खडा तोच हे ठरत होतं, पण आम्ही फोडला आणि लपवला हे पण ठरत होतं. नाही काढली तर नवरा चोर. मी सासूकडं बघितलं. ती मान हलवून नको म्हणत होती. तिच्या हातून पडला होता ना. तिला वाटलं असेल मी तिचं नाव घेईन.

मी तिच्या बटव्यात हात घातला. तिनं माझं मनगट धरलं, आणि मंग सोडलं. मी डबी काढून मेजावर ठेवली आणि म्हटलं, "माझ्या हातून पडला. एक चीप निघाली. भ्यायली म्हणून लपवली. ह्यांना ठाऊक नाही."

मशेरीचा वास उठला तशी बानं पदर नाकाला लावला. पारख्या म्हाताऱ्यानं मात्र डबी पुढं ओढली. चिमट्यानं चीप काढली, पाण्यात धुतली, पुसली, भिंगाखाली धरली. लई वेळ बघितलं. मंग चिमटा खिडकीकडं उभा केला आणि शेठला म्हणाला, बघ.

एवढीशी चीप, पण लांबीकडून बघितली की जांभळी. रविवारी सासूनं दारात बघितला होता तोच रंग. आठ दिवस अंधारात होती ना ती.

मंग म्हाताऱ्यानं ती खड्याच्या कडेला लावली. गुळगुळीतला गुळगुळीत लागलं. फिरवून बघितली, उलटी करून बघितली, आणि एका जागी ती अशी बसली की सांधा दिसेना. खड्याच्या अंगावरच्या रेघा चिपेवरून सरळ पुढं गेल्या, एक पण तुटली नाही. सगळा खडा पाण्यासारखा आणि कडेला तेवढी जांभळी रेघ. दोन्ही मिळून काट्यावर टाकलं. शेठनं दिलं होतं तेवढंच वजन भरलं. काटा हलायचा थांबेपर्यंत आम्ही नऊच्या नऊ जण त्याच्याकडंच बघत होतो.

म्हातारा म्हणाला, "खडा तोच. चोरी नाही."

त्यानं शेठला सांगितलं की असे दगड असतात म्हणून त्यानं ऐकलं होतं, उजेड सोसत नाहीत ते, पण बघितला कधी नव्हता. घंटीवरच्या तिघांनी एकेक करून भिंगातून बघितलं. हसला होता तो म्हणाला, मावशी, खरंच साडी निघाला की दगड. ह्यांचे खिसे अजून बाहेरच होते. मी जाऊन आत केले.

चोर नाही हे शेठनं सगळ्यांसमोर म्हटलं, ते त्याचं मी मानते. पण बानं हात आडवा केला. तिचं म्हणणं, खड्यात जे होतं ते त्यांच्या घरात उतरलं, आता तो माणूस माझ्या मुलाच्या छपराखाली नको. मी मनात म्हटलं, त्याच्यासाठीच तर दिला होता. त्या दिवशी घंटी गेली.

खडा बानं तापीत सोडायला लावला. मशेरीत पडलेल्या चिपेला ती हात लावेना, आणि कोणी लावू देईना. म्हाताऱ्यानं ती परत डबीत टाकली, डबी माझ्याकडं सरकवली.

हे सहा महिने लूमवर गेले, बहिरा कान घेऊन. मी घरी साड्यांवर टिकल्या लावायची. पावसाळ्यात एक वेळ चूल, तीही कधी कधी. पण त्या तिघांनी गावभर सांगितलं होतं की मराठी चोर नव्हता, आम्ही डोळ्यांनी बघितलं. म्हणून दिवाळीनंतर दुसऱ्या गल्लीतल्या एका कारखान्यात ह्यांना जागा मिळाली आणि डोळे जाईपर्यंत तिथंच बसले. मी न सांगता चीप लपवली ह्याच्यावरून त्यांनी मला एकच वाक्य म्हटलं, तेही सहा-सात महिन्यांनी, जेवताना. "मला वाटलं होतं तू खडा बदलला, हे मनातून जात नाही." मी त्यांना भाजी वाढली.

सासूनं मशेरी सोडली. डबी मला दिली. पडला कोणाच्या हातून हे आम्ही दोघी कधी बोललो नाही. आता ती नाही, हे पण नाहीत, म्हणून लिहिलं.

पोरगी मोठी झाल्यावर तिनं त्या खड्याचं वर्णन केलं, तवा एका सराफानं तिला दगडाचं नाव सांगितलं, कुंझाइट. म्हणाला, हा संध्याकाळी घालायचा दागिना, दिवसा नाही. त्याला हे सगळं ठाऊक होतं. कतारगामात ते कोणाला ठाऊक नव्हतं, एवढीच गोष्ट.

डबी माझ्या पत्र्याच्या पेटीत आहे, खाली, लुगड्यांच्या घडीत. माझ्यामागं हे वाचून कोणी ती उघडली तर त्याला एवढंच सांगणं आहे. चीप हवी तर एकदा उभी धरून बघा. मंग झाकण लावा आणि होती तिथंच ठेवा. उन्हात नेऊ नका.